मेंढपाळांचं प्रशिक्षण : हॉलमध्ये घ्यायचं की तळावर?

चोरल_काठ
नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका संस्थेत मेंढी-शेळीपालकांच्या सल्ला आणि प्रशिक्षण कार्यक्रमाची जुळवाजुळव बघते. डॉक्टर कोण येणार, लस कुठून येणार, हॉल, जेवण, हजेरी, नंतर फोनवर येणारे प्रश्न, सगळं माझ्याकडे. अडचण अशी आहे की तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण लावलं की यादी पटकन भरते, पण आलेल्यांपैकी बहुतेकांकडे मेंढ्याच नसतात. आणि ज्यांच्याकडे शे-दोनशे मेंढ्या आहेत ते येतच नाहीत. येणार कसे? मेंढीला रोज चरायला न्यावं लागतं, घरात दुसरा माणूस मोकळा नसतो.

महू, मानपूर, देपालपूर, सांवेर या बाजूला आपली धनगर आणि गायरी कुटुंबं आहेत, शिवाय दरवर्षी मारवाडातून रबारी-देवासींचे कळप उतरतात. दोन्हींपर्यंत पोचायचंय. गहू निघायला अजून दीड-दोन महिने आहेत, म्हणजे ठरवायला वेळ आहे. जुना साचा बदलून मागायचा असेल तर नेमकं काय मागू? ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांच्या घरी मेंढ्या आहेत त्यांनी मोकळेपणानं सांगा, टीका असेल तरी चालेल.

पोहे_जिरवण
पहिली जागा माझी. मेंढ्यांतलं काही कळत नाही पण विषय चांगला काढलास ताई, वाचतोय. कार्यक्रम सकाळी असेल तर पोह्यांची जबाबदारी घ्यायला तयार आहे, हे मनापासून सांगतोय.

निवृत्त_विस्तारवाला
मी आयुष्यभर हेच केलं, शेती विस्तारात, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला आणि प्रशिक्षण द्यायच्या कामात. ताई, हॉलला एवढं वाईट म्हणू नका. हॉलमध्ये हजेरी लागते, फोटो होतो, खर्चाचा हिशोब बसतो आणि पुढच्या वर्षीचे पैसे येतात. झाडाखाली बसून कितीही चांगलं शिकवलं तरी कागदावर ते दिसत नाही. साचा बदलून मागा जरूर, पण कागद कसा भरणार हे आधी ठरवा, नाहीतर वरचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारेल.

दुसरं म्हणजे लोकांना वाटतं विस्तार म्हणजे माहिती देणं. मेंढपाळाकडे माहिती कमी नसते हो. त्याच्याकडे वेळेवर लस नसते, औषधाचं योग्य माप नसतं आणि विचारायला माणूस नसतो.

महूचा_डॉक्टर
वरच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. मी महूच्या व्हेटरनरी कॉलेजला शिकलो, आता सरकारी नोकरीत आहे, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

एक उदाहरण देतो म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. आपल्या माळव्यात गहू निघाला की कळप त्या रानात सोडतात, पडलेल्या ओंब्या आणि दाणे मेंढ्या अधाशासारख्या खातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात धडधाकट, सगळ्यात जास्त दूध पिणारी कोकरं पटापट मरतात. आजारी दिसतही नाहीत, सकाळी बघावं तर मेलेली. मेंढपाळ म्हणतो नजर लागली किंवा शेतकऱ्यानं काहीतरी फवारलं. बहुतेक वेळा तो आंत्रविषार असतो. त्याचे जंतू मेंढीच्या आतड्यात एरवीही असतात, दाणा जास्त गेला की भराभर वाढतात आणि विष सोडतात. लस आहे, स्वस्त आहे, पण ती पावसाळ्याच्या आधी म्हणजे एप्रिल-मेमध्ये द्यावी लागते, आणि पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. आता सांगा, हे भाषण ऑगस्टमध्ये हॉलमध्ये दिलं तर कोणाच्या काय कामाचं? आणि मार्चमध्ये दिलं पण लस सोबत नेली नाही तर ते लोक माझं तोंड बघायला का येतील?

म्हणून माझं मत, तारीख आपल्या आर्थिक वर्षाला बघून लावू नका, मेंढीचं वर्ष बघून लावा.

राऊ_सर्कल
थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. "ज्यांच्याकडे मेंढ्या नाहीत ते येतात" त्यातला मी एक आहे. नोकरी करतो, राऊच्या पुढे थोडी जमीन आहे, मला बंदिस्त मेंढीपालन करायचंय. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून मेंढी-शेळीच्या प्रजनन फार्मला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, ५०० मादी आणि २५ नराच्या युनिटला कमाल ५० लाख, आणि नंतर जोडलेल्या १०० मादी ५ नराच्या छोट्या युनिटला १० लाखांपर्यंत. त्यात अर्जदाराकडे प्रशिक्षण किंवा अनुभव हवा असं आहे. अनुभव नाही म्हणून प्रशिक्षणाला आलो. आम्ही जागा अडवतो असं सगळे म्हणतात पण आम्हालाही शिकायचंच आहे ना. आणि आम्हाला शिकवलं जातं काय तर मेंढ्यांच्या जातींची नावं. गोठा किती चौरस फुटांचा, वैरणीचा हिशोब, बँकेचा कागद यातलं काही नाही.

चोरल_काठ
@राऊ_सर्कल राग कसला, उलट तुमच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. दोन वेगळे गट आहेत आणि त्यांना एकाच वर्गात कोंबलंय. तुमच्यासाठी हॉल ठीक आहे, शनिवार-रविवार ठीक आहे, प्रमाणपत्र हवंच. फिरत्या मेंढपाळाला यातलं काहीच नको. दोन अर्ज वेगळे करते. हे आधी लिहून घेते.

एडका_नंबर_वन
मग एका मेंढ्याला किती मेंढ्या हा प्रश्न दोन्ही वर्गांत येणारच 😄

महूचा_डॉक्टर
येणारच आणि यावाच. पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक नर, आणि दोनेक वर्षांनी तो बदलायचा, नाहीतर त्याच्याच मुली त्याच्यासमोर येतात आणि कोकरं खुरटी निघतात. नावात एडका घेतलायस तर एवढं लक्षात ठेव.

माणदेशी
मी साताऱ्याकडचा, धनगराच्या घरातला, सध्या कामासाठी पीथमपूरला असतो. आमच्याकडे दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कळप आणि त्यांच्यासोबतची कुटुंबं, खाली कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतात. लहानपणी सगळं बघितलंय. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाड्यावर आजारी मेंढी आणि लहान कोकरं बाई बघते. कळप घेऊन गडी जातो, पण मागे राहिलेलं लंगडं, व्यालेलं, दूध न ओढणारं सगळं आईच्या, आजीच्या हातात. कोकरू जन्मल्यावर तासाभराच्या आत चीक पोटात गेला पाहिजे हे आमच्या आजीला कोणी शिकवलं नव्हतं, ती तोंडात आंचळ धरून पाजायची, आणि आई मेली असेल तर दुसऱ्या मेंढीचा चीक काढून द्यायची. आणि प्रशिक्षणाला बोलावतात कोणाला? गड्याला. ज्याच्या हातात ते काम नाही त्याला तुम्ही कोकरू संगोपन शिकवता.

बाईला हॉलमध्ये बोलवू नका, ती येऊच शकत नाही. तळावर जा. आणि बाई डॉक्टर किंवा बाई कार्यकर्ती घेऊन जा.

सुदामानगर_वहिनी
माणदेशी दादांनी अगदी बरोबर लिहिलंय. माझी नणंद देवास बाजूला बचत गटात आहे, तिथे पशुसखी आहेत, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक देखभाल शिकलेल्या बायका. २०२२ मध्ये भोपाळलाच ए-हेल्प सुरू झालं ना, त्यात पशुसखींनाच पुढचं प्रशिक्षण देऊन गाव आणि पशुवैद्यकीय खातं यांच्यामधला दुवा बनवायचं. पण त्या बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्या बघतात, मेंढ्यांचा विषय निघत नाही कारण गावात मेंढ्या कमी. चोरलताई, तुमच्या भागातल्या पशुसखींना धरलंत तर?

निवृत्त_विस्तारवाला
वहिनींनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मध्य प्रदेशात शेळ्या कोटीच्या वर आहेत आणि मेंढ्या त्यांच्या पासंगाला पण नाहीत. देशभर २०१९ च्या गणनेत ७ कोटी ४० लाखांवर मेंढ्या, तेलंगण सगळ्यात पुढे, पण आपल्याकडे थोड्याच. त्यामुळे कार्यक्रमाचं नाव "शेळी-मेंढी" आणि तीन दिवस बोलणं शेळीवर. शिवाय मारवाडातून आलेल्या मेंढ्या मोजल्या जातात राजस्थानात, चरतात इथं आणि मरतात पण इथंच. त्यांची जबाबदारी कुठल्या जिल्ह्याची हे कुठंच लिहिलेलं नाही.

देपालपूरचा_शेतकरी
मी शेतकरी आहे, मेंढ्या नाहीत, पण दरवर्षी रानात मेंढ्या बसवतो. गहू निघाला की फिरत्या मेंढपाळांचा डेरा येतो, रात्री कळप माझ्या रानात बसतो, लेंडी-मुताचं खत मिळतं आणि त्याचे मी त्यांना धान्य किंवा पैसे देतो, रात्रीचा ठरलेला भाव असतो. युरिया टाकूनही जी गोष्ट साधत नाही ती मेंढी बसवली की काळ्या रानात साधते हे मी माझ्या पिकावर बघितलंय.

आता मुद्दा. तुम्ही लोक म्हणता मेंढपाळ सापडत नाही. आम्हाला सापडतो ना! कारण त्याच्या मुखियाचा फोन आम्हाला महिनाभर आधी येतो, "काकाजी, गहू कब कटेगा". अख्ख्या डेऱ्याचं ठरवणारा एकच माणूस असतो, नंबरदार म्हणा किंवा मुखिया म्हणा. कुठल्या गावात किती रात्री, पुढे कुठे, कोणाशी भाव, सगळं त्याच्याकडे. तुम्ही सरपंचाला पत्र पाठवता, सरपंचाला काय माहिती? आमच्यासारख्या रान देणाऱ्या शेतकऱ्यांची यादी करा, प्रत्येक गावात चार-पाच निघतील. आम्ही सांगू कळप कुठल्या तारखेला कुठे बसणार. आणि जागा पण तीच, आमचं रान. विहिरीवर लाइट आहे, चटई मी टाकतो.

चोरल_काठ
काका!!! हे मला इतक्या दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही पंचायतीमार्फत निरोप पाठवत बसतो आणि निरोप पोचेपर्यंत डेरा दोन गावं पुढे गेलेला असतो. तुमच्यासारख्या शेतकऱ्यांमार्फत कळवणं हे एवढं सरळ आहे की आता दुसरं काही सुचतच नाहीये.

म्हणजे संध्याकाळी कळप परत आल्यावर, जेवणं झाल्यावर बसायचं का? रात्री ८ नंतर?

महूचा_डॉक्टर
थांबा थांबा. रात्री गप्पा होतील, काम होणार नाही. बल्बच्या उजेडात मला पापणीचा रंग दिसत नाही आणि तो बघता येणं हे सगळ्यात मोठं शिक्षण आहे. समजावतो.

मेंढीच्या चौथ्या पोटात एक जंत असतो, हिमॉन्कस, तो रक्त पितो. पावसाळ्यात जास्त. मेंढी खंगते, जबड्याखाली पाणी भरून पिशवीसारखी सूज येते. मेंढपाळ काय करतो, वर्षातून तीन-चार वेळा सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजतो, तेच औषध, अंदाजानं. बाटलीचं झाकण हे माप. मोठ्या मेंढीला कमी पडतं, त्या अर्धवट डोसातून जगलेले जंत पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत. मग तो म्हणतो दवाई नकली है. औषध नकली नसतं, जंत निर्ढावलेले असतात.

यावर उपाय दक्षिण आफ्रिकेतून आला, फामाचा नावाचा तक्ता. दिवसाच्या उजेडात मेंढीची खालची पापणी अंगठ्यानं ओढायची, आतला रंग तक्त्यावरच्या पाच रंगांशी जुळवायचा. लाल असेल तर सोडून द्या. फिकट, पांढरी असेल तिलाच औषध. कळपातल्या सगळ्यांना पाजायची गरज नसते, मोजक्या मेंढ्यांच्या पोटातच बरेचसे जंत असतात. औषध वाचतं, पैसे वाचतात आणि औषधाचा जोर टिकतो. हे शिकायला एखादा तास पुरतो, पण मेंढी समोर हवी, ऊन हवं आणि शिकणाऱ्याचा अंगठा पापणीवर हवा. स्लाइडवर नाही शिकता येत. एक पथ्य मात्र, ही युक्ती रक्त पिणाऱ्या जंतासाठीच, बाकीच्या जंतांना लागू नाही, हेही तिथेच सांगायचं.

पोहे_जिरवण
डॉक्टर, मग पहाटे ठेवा ना! मेंढ्या चरायला सुटायच्या आधी. पोहे पण बसतात त्यात.

माणदेशी
पोहेवाल्याचं बरोबर आहे, हसू नका. सकाळी कळप जागेवरच असतो, दूध पिणारी कोकरं आयांना लावायची असतात, उन्हं थोडी वर आल्याशिवाय कळप सुटत नाही. तो दोन तासांचा वेळ खरा.

देपालपूरचा_शेतकरी
रात्री बसा, सकाळी लस टोचा. डॉक्टरसाहेब माझ्याकडे मुक्कामाला या, दाल-बाफले खायला घालतो.

महूचा_डॉक्टर
काका, बाफले खाऊन सकाळी मेंढी पकडता येईल याची खात्री द्या आधी 😀 पण हो, हे जमेल. रात्री ऐकायचं, सकाळी हातानं करायचं. आणि गव्हाच्या रानावर आहेत म्हणजे आंत्रविषाराच्या लशीची वेळही तीच.

पण लशीचं गणित नीट समजून घ्या, नाहीतर सगळं वाया. लस २ ते ८ अंशात राहिली पाहिजे, आणि ही आंत्रविषाराची लस गोठली तरी खराब होते, म्हणजे बाटली थेट बर्फावर ठेवायची नाही. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीची लस उलटी आहे, ती वाळवलेली पावडर असते, द्रवात विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फावर. बाटली बहुतेक १०० डोसची. चाळीस मेंढ्यांसाठी फोडली तर साठ डोस फेकायचे. म्हणून दोन-तीन छोटे कळप एका सकाळी एका जागी आणणं यालाच मी जुळवाजुळव म्हणतो, हॉल बुक करण्याला नाही. पीपीआरचा फायदा एवढा की एकदा दिली की तीनेक वर्षं बघायला नको. गाईगुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, आता ही २०३० पर्यंत घालवायचं ठरलंय. फिरते कळप सुटले तर ते होणं अवघड आहे.

राऊ_सर्कल
आंत्रविषाराचा दुसरा डोस दोन-तीन आठवड्यांनी म्हणालात. तोपर्यंत डेरा कुठल्या कुठे गेलेला असेल ना? मग?

चोरल_काठ
@राऊ_सर्कल अगदी हाच प्रश्न माझ्या डोक्यात अडकला होता. पहिला डोस देपालपूरला, दुसऱ्याच्या वेळी डेरा बडनगर किंवा उज्जैन बाजूला, म्हणजे जिल्हा बदलला, साठा बदलला, डॉक्टर बदलला.

निवृत्त_विस्तारवाला
मुखियाकडे एक कार्ड द्या. कुठली लस, कुठल्या तारखेला, पुढची कधी. जाड पुठ्ठ्याचं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, मोठ्या अक्षरात हिंदीत, आणि लशीच्या नावासमोर रंगाचा ठिपका म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. आणि पुढच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला पत्र आत्ता जानेवारीतच, एप्रिलमध्ये नव्हे. पुढच्या मुक्कामाचं गाव मुखियाला आधीच माहिती असतं असं काका म्हणालेतच. दोन जिल्ह्यांची बैठक लावायची तर ती अशासाठी लावा.

आणि हजेरीचा प्रश्न मीच काढला होता, त्याचं उत्तरही यातच आहे. टोचलेल्या मेंढ्यांचा आकडा आणि कार्डाची प्रत जोडा. पंचवीस सह्यांपेक्षा तो कागद जास्त भक्कम आहे, कुठलाही ऑडिटवाला मान्य करेल.

लोकर_कातर
विषय थोडा बदलतोय, माफ करा, पण लोकरीबद्दल कोणीच बोलत नाही. माझ्या माहेरी घोंगडी विणायचे. आता कातरणीवाल्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त होते, बरेच जण कातरून तिथेच टाकून देतात. प्रशिक्षणात लोकर असते का?

माणदेशी
असते, पण "लोकर प्रतवारी" नावाच्या एका तासात, जिथे जाडीचे मायक्रॉन सांगतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, काळी, घोंगड्यालाच चांगली. पैसा आता मटणात आहे, कोकरू विकूनच घर चालतं. फलटणच्या निंबकर संस्थेनं, नारीनं, सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीतला जुळी देण्याचा जनुक दख्खनीत आणला, नारी सुवर्णा म्हणतात तिला. ऐकायला मस्त, पण जुळी झाली की आईला खायला जास्त लागतं, एका कोकराला दूध कमी पडतं, म्हणजे मेंढी बदलली की सांभाळायची रीतही बदलावी लागते. नुसता मेंढा देऊन भागत नाही, त्याच्यामागे वर्षभर माणूस फिरावा लागतो. सल्ला म्हणजे हा.

लोकर_कातर
हे मला माहीतच नव्हतं, धन्यवाद दादा. बाकी घोंगड्याचं दुःख राहतंच. कातरणीच्या दिवशीच विणकराला तळावर बोलावता आलं तर निदान काळी लोकर तरी जागेवर विकली जाईल, मधला माणूस नको.

सुदामानगर_वहिनी
राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था १९६२ ची आहे, आणि गुरांच्या फिरत्या दवाखान्याला बोलवायचा नंबर पण १९६२! नंबर लक्षात ठेवायला सोपा म्हणून सांगते. मुखियाच्या त्या कार्डावर हा नंबर मोठा छापा.

एडका_नंबर_वन
वहिनी 🙏 आता जन्मात विसरणार नाही.

माणदेशी
फोनबद्दल एक सांगू का. लेखी मेसेज पाठवू नका. आमच्या गड्यांना व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलेलं आवडतं, कळप चारता चारता ऐकतात, परत ऐकतात, दुसऱ्याला ऐकवतात. मिनिटभराचं, एकच गोष्ट. "पाऊस पडला, चिखल झाला, खुरं बघा" एवढं. मारवाडी लोकांसाठी मारवाडीतच बोलणारा त्यांच्यातला पोरगा शोधा, अनुस्वार लावलेली शुद्ध हिंदी नको.

महूचा_डॉक्टर
उत्तम. आणि त्या पावसाळ्याच्या निरोपात हे घाला. काळ्या मातीच्या चिखलात खुरं सडतात, कळप लंगडायला लागतो. १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट, उथळ पसरट खड्ड्यात प्लास्टिक अंथरून ते ओता आणि खुरं धुऊन मग त्यातून कळप हळूहळू चालवा. ते पाणी मेंढ्यांनी पिता कामा नये. झिंक सल्फेट खताच्या दुकानात मिळतं, वेगळं औषध शोधत फिरावं लागत नाही.

उन्हाळ्याच्या निरोपात गव्हाच्या रानाचं : उपाशी कळप दाण्यावर सोडू नका, आधी कडबा-भुसा खाऊ द्या, मग थोडा वेळ रानात, दररोज वेळ थोडी वाढवा.

आणि एक निरोप बाराही महिने : जनावर अचानक मेलं आणि नाकातून किंवा मागून काळपट रक्त येतंय जे गोठत नाही, तर कातडं काढू नका, चिरू नका, खाऊ तर मुळीच नका. अँथ्रॅक्स असू शकतो, तो माणसालाही होतो. लांब राहून १९६२ ला फोन. यावर अख्खी रात्र बोललो तरी माझी हरकत नाही.

राऊ_सर्कल
कानातला टॅग पण त्याच वेळी मारणार का? लस दिली की १२ अंकी नंबर चढवायचा असतो ना.

देपालपूरचा_शेतकरी
टॅगचं नाव पहिल्याच रात्री काढलंत तर अर्धे कळप पहाटे निघून जातील, हे आधीच सांगतो. त्यांना वाटतं नंबर लागला की चराईचा कर लागेल, हद्दीवर अडवतील. आधी लस टोचा, कोकरं जगलेली त्यांना दिसू देत.

निवृत्त_विस्तारवाला
काका, मला हे पटत नाही. टॅग नसेल तर दुसऱ्या जिल्ह्यात त्या मेंढीला लस मिळाली होती हे सिद्ध कसं करणार? विमा पण टॅगशिवाय नाही. टाळून चालणार नाही, समजावूनच सांगायला हवं, आणि तेही मुखियाला आधी, एकट्याला बसवून.

देपालपूरचा_शेतकरी
समजावा की, मी कुठे नको म्हणतो. पण पहिल्या मुक्कामाला नाही. दुसऱ्या डोसाच्या वेळी.

चोरल_काठ
दोघांचंही घेते. मुखियाशी बोलणं मार्चमध्येच, फोनवर आणि जमलं तर भेटून, त्यात टॅगची गोष्ट लपवायची नाही. प्रत्यक्ष टॅग दुसऱ्या डोसाच्या वेळी, ज्यांची तयारी असेल त्यांना.

आता मी जे मागणार आहे ते लिहिते, काही सुटलं असेल तर सांगा. फेब्रुवारीत रान देणाऱ्या शेतकऱ्यांची गावोगाव यादी, काकांपासून सुरुवात. त्यांच्याकडून मुखियांचे फोन. मार्चमध्ये उज्जैन बाजूशी पत्रव्यवहार, लशीची मागणी, दोन्ही डोसांची एकदमच. एप्रिलपासून मुक्काम : रात्री जेवणानंतर बसायचं, तेव्हा आधी त्यांनी बोलायचं, गेल्या वर्षी काय मेलं, कधी मेलं, काय पाजलं. आपण ऐकून लिहून घ्यायचं. सकाळी लस, पापणी बघणं, औषधाचं माप. मापासाठी काट्याला अडकवायचा झोळा नेणार आहे म्हणजे दोन-चार मेंढ्या खरंच तोलून दाखवता येतील, डोळ्यांनी केलेला वजनाचा अंदाज आणि काट्यावरचा आकडा शेजारी शेजारी दिसला की बाटलीच्या झाकणाचं माप कोणी वापरणार नाही. बायकांसाठी वेगळी बैठक, कोकरांजवळच, माझ्यासोबत पशुसखी. आपल्या इथल्या धनगर-गायरी कुटुंबांसाठी हेच, पण गावातल्या वाड्यावर आणि जूनच्या आत. राऊ_सर्कल यांच्यासारख्यांचा वर्ग स्वतंत्र, शनिवार-रविवार, गोठा-वैरण-बँक, आणि त्यात एक सकाळ तळावर सक्तीची.

राऊ_सर्कल
सक्तीची सकाळ मंजूर. मी तर पहिल्या मुक्कामालाच येतो, मेंढ्या धरायला माणूस लागेलच.

महूचा_डॉक्टर
लागतीलच, दोन तरी. एक सुटलंय, सुई. दर मेंढीला नवी सुई जमली नाही तरी प्रत्येक कळपाला नवा संच हवाच, एका कळपाचं दुखणं दुसऱ्यात न्यायचं नाही. सुया मागणीत घाला, लशीबरोबर आपोआप येतील असं धरून चालू नका. आणि औषध पाजताना मेंढीचं डोकं आडवंच ठेवायचं, वर उचलून ओतलं की फुफ्फुसात जातं, हे सकाळच्या कामात मी दाखवतो. माझी रजा टाकून ठेवतो, सरकारी परवानगी मिळाली तर तशीच येईन.

सुदामानगर_वहिनी
नणंदेशी बोलले. तिच्या गटातल्या दोघीजणी यायला तयार आहेत, पण रात्रीचा मुक्काम म्हणून घरचे विचारतायत राहायची सोय कुठे. देपालपूरच्या काका, तुमच्या घरी काकू असतात ना?

देपालपूरचा_शेतकरी
असतात आणि तिला कळल्यापासून ती अंथरुणं मोजायला बसलीय. दोघी काय, चौघी आल्या तरी चालतील. घरात वेगळी खोली आहे. मुखियाला आज संध्याकाळी फोन करतो, यंदा गहू उशिरा पेरलाय त्यामुळे रान एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आधी मोकळं होत नाही, त्या हिशोबानं लस मागवा.